मोराचा अडकित्ता, कलम अकरा

सुकुमार मगदूमचं लग्न झालं नाही याला कारण अडकित्ते. मुलगी बघायला गेला की पोहे येईपर्यंत तो गप्प बसायचा, आणि पोहे संपले की पिशवीतून एकेक अडकित्ता काढायचा. घोड्याचा, पोपटाचा, एकमेकांना मिठी मारलेल्या जोडप्याचा. हा शेवटचा निघाला की मुलीच्या वडिलांना हमखास खोकला यायचा. चव्वेचाळिशीत त्याच्याकडं साठेक अडकित्ते होते, एक आई होती आणि कोल्हापुरातल्या एका विमा कंपनीत नोकरी होती.

नोकरी कलमं लिहिण्याची. म्हणजे पॉलिसीच्या शेवटी मुंगीएवढ्या अक्षरांत जे छापलेलं असतं आणि जे माणूस मेल्यावरच वाचलं जातं, ते सुकुमार लिहायचा. पुरानं घर पडलं तर भरपाई मिळेल. पूर ओसरल्यावर पडलं तर ते घर स्वतःच्या मर्जीनं पडलं असं समजण्यात येईल. त्याच्या हातात कला होती. वरिष्ठ ती मान्य करायचे आणि गिऱ्हाइकं ती भोगायची.

साठ अडकित्त्यांत एक नव्हता. त्याच्या अप्पांचा, म्हणजे वडिलांचा. पितळी मोर, पोलादी पातं, मोराचा एक डोळा पडलेला, आणि शेपटीला एक पोचा. तो पोचा सुकुमारनं सहा वर्षांचा असताना सायकलचा नट फोडायला जाऊन पाडलेला. अप्पांनी त्याला मारलं नव्हतं. "आता वळखू येईल," एवढंच म्हणाले होते. अप्पा वारले, त्याच वर्षी घर बदललं आणि त्या गडबडीत मोर गेला. तेव्हापासून सुकुमार तो शोधत होता. बाकीचे साठ म्हणजे शोधताना वाटेत भेटलेली मंडळी.

*

ही गोष्ट घडली तेव्हा थरमापी नावाचं यंत्र येऊन तीन-चार वर्षं झाली होती.

माणूस वस्तूला हात लावतो तेव्हा घाम, तेलकटपणा आणि कातडीचा भुगा मागं ठेवतो. हे पूर्वीही ठाऊक होतं. पण त्यातला डीएनए नाजूक. ऊन लागलं, ओल लागली की संपला. प्रथिनं मात्र चिवट. कातडीतली प्रथिनं माणसागणिक जराजरा वेगळी असतात, निम्मी ठेवण आईकडची, निम्मी बापाकडची. आता पितळेवर गंजाचा थर चढतो तेव्हा तो खालचा हात झाकून टाकतो. त्यावर पुन्हा कुणी हात लावतं, पुन्हा थर चढतो. भिंतीला दर दिवाळीला रंग द्यावा आणि जुना खरवडू नये, तसं. थरमापी लेसरनं हे थर केसाच्या हजाराव्या भागाइतके पातळ सोलतो आणि कुठल्या थरात कुणाचा हात अडकलाय ते वाचतो.

केव्हाचा, तेही सांगतो. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात ती जिवंत शरीरात सगळी डाव्या घडणीची असतात. शरीरापासून सुटली की सावकाश, ठरल्या वेगानं, त्यांतली काही उजव्या घडणीची होत जातात. किती उजवी झाली ते मोजलं की स्पर्शाचं वय कळतं. तरुणपणी डावं आणि वय वाढेल तसं उजवं, हा नियम फक्त पुढाऱ्यांना लागू आहे अशी तोवर लोकांची समजूत होती.

लोकांनी यंत्राला नाव ठेवलं 'ज्योतिषी', कारण तेही हात बघायचं. फरक इतकाच, की भविष्य सांगणाऱ्यावर कुणी चिडत नाही. पहिल्याच वर्षात एका पुढाऱ्याच्या पणजोबांची तलवार नाटक कंपनीची निघाली. एका घरंदाज सासूच्या नथीवर शेजारणीचा हात निघाला, आणि शेजारणीच्या पाटल्यांवर सासूच्या नवऱ्याचा.

जुन्या वस्तू विकणाऱ्यांची तर झोपच उडाली. त्यांनी ओरड केली, सरकारनं कायदा केला, आणि नकारपत्र जन्माला आलं. विकणाऱ्यानं लिहून द्यायचं: ही वस्तू खरी की खोटी ते मला माहीत नाही, मी हमी देत नाही, घेणाऱ्यानं आपलं आपण बघून घ्यावं. घेणाऱ्यानं खाली सही करायची. लोक त्याला 'कानावर हात' म्हणायचे. "अंगठी घेतलीस, पण कानावर हात दिला का त्यानं?" असं विचारायची पद्धत पडली. पुढं पुढं नकारपत्रं वस्तूपेक्षा मोठी झाली. टिकली एवढ्या नाण्याबरोबर चादरीएवढा कागद मिळायचा. एका वधूपित्यानं लग्नपत्रिकेच्या मागं नकारपत्र छापलं तेव्हा वरपक्षानं आक्षेप घेतला तो मजकुरावर नव्हे, तर आपलं आधी छापून झालं नव्हतं यावर.

*

पापाच्या तिकटीजवळ जनार्दन पोवारचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं. जनार्दन म्हणजे जन्या, सुकुमारचा पहिलीपासूनचा मित्र. जन्याची आई लवकर गेली. मधल्या सुट्टीत तो मगदुमांच्याच घरी जेवायचा आणि जेवून झालं की अप्पांना सुपारी कातरून द्यायचा.

नकारपत्राचा कायदा आला तेव्हा जन्यानं सुकुमारला मिसळ खाऊ घातली आणि म्हणाला, "भावा, मला एक कडक कानावर हात लिहून दे. असा, की कुणी कोर्टात गेलं तर कोर्टच रडलं पायजे."

सुकुमारनं मित्रप्रेमानं लिहिला. आयुष्यातली सगळी कला ओतली. अकरावं कलम त्यानं विमा कंपनीच्याच पॉलिसीतून चार शब्द बदलून उचललं, त्याचंच होतं ते, त्याचं सर्वांत लाडकं: 'खरेदीदाराच्या कुटुंबातील, म्हणजे त्याच्यासोबत एका चुलीवर जेवणाऱ्या कोणाही व्यक्तीस वस्तूबद्दल असलेली माहिती ही खरेदीदारासच होती असे मानण्यात येईल.' या कलमानं कंपनीनं कितीतरी विधवांना परत पाठवलं होतं. नवऱ्याला छातीत दुखत होतं हे थोरल्या सुनेला ठाऊक होतं ना? मग तुम्हालाही ठाऊक होतं.

"आयला, नादखुळा!" जन्या म्हणाला आणि त्यानं आणखी एक पाव मागवला.

त्यानंतर साधारण दोन वर्षांनी एका दुपारी त्यानं सुकुमारला दुकानात बोलावलं, शटर अर्धं ओढलं आणि फडक्यातून मोर काढला.

डोळा पडलेला. शेपटीला पोचा. बिजागरीत हिरवट गंज.

सुकुमारनं मोर दोन्ही हातांत घेतला. "कुठं मिळाला?" त्यानं विचारलं.

"कुठं मिळाला ते मला इचारू नगंस. मला काय म्हायती न्हाई. तुझ्या अप्पांचाच हाय असं मी म्हणत न्हाई, न्हाई असंबी म्हणत न्हाई." जन्यानं कागद पुढं केला. "सही कर."

"आरं, मला कशाला? मीच लिहिलेला हाय तो."

"म्हणूनच. दोस्ती दोस्तीच्या जागी, धंदा धंद्याच्या जागी. एक काम कर, आधी घरी न्हे, काकूंना दाखव. त्यांनी वळखला तर घे."

हे ऐकून सुकुमारला मित्राबद्दल उमाळा आला. इतका सरळ व्यवहार हल्ली कोण करतं?

पद्मावतीबाई, म्हणजे सुकुमारच्या आई, अस्सल कोल्हापुरी जैन बाई. 'येतो, जातो' असं पुरुषासारखं बोलणाऱ्या. सूर्य मावळायच्या आत जेवायच्या, कांदा-बटाट्याला शिवायच्या नाहीत, आणि खोटं न बोलण्याचं व्रत मुनिमहाराजांसमोर घेतलेलं. त्या एवढं कडक पाळायच्या, की दारावर वर्गणीवाले आले तर "घरात कुणी नाही" असं सुकुमारला स्वतःलाच ओरडून सांगावं लागायचं.

त्यांनी मोर हातात घेतला. पोच्यावरून अंगठा फिरवला. डब्यातली सुपारी काढून पात्याखाली धरली, कट्‌कन कातरली, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बोलल्या काहीच नाहीत. पदर तोंडाला लावून आत गेल्या.

आता यावर आणखी पुरावा काय मागायचा? सुकुमारनं नवी गाडी घ्यायला जमवलेले पैसे जन्याला दिले आणि सही केली.

*

वर्षभरानं अप्पांची जयंती आली आणि सुकुमारच्या मनात आलं, अप्पांच्या हाताचा थर एकदा डोळ्यांनी बघावा. त्याला काही तपासायचं नव्हतं. फक्त भेटायचं होतं.

प्रयोगशाळेत तस्लीम बागवान नावाची तरुण तंत्रज्ञ होती. तिचा चेहरा कायम असा, की समोरच्यानं काहीही सांगितलं तरी तिनं ते काल ऐकलेलं असावं. सुकुमारनं तुलनेसाठी अप्पांचा जुना चष्मा आणला होता. तिनं चष्म्याच्या काड्या पुसून नमुना घेतला, सुकुमारच्या बोटाचाही घेतला, मोर यंत्रात ठेवला. यंत्र मांजरासारखं गुरगुरलं.

"वरच्या थरात तुमचा हात आहे. भरपूर," ती पडद्याकडं बघत म्हणाली. "तुम्ही रोज पुसता का ह्याला?"

"दोनदा."

"अप्पांचा हात नाही."

"खाली असंल. अजून खाली जावा."

"सर, खाली पितळ आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे थर संपले. ह्याच्यावरचा सगळ्यांत जुना स्पर्श सव्वा वर्षाचा. सगळी आम्लं डावीच आहेत, उजवीकडं बघायलासुद्धा कुणी तयार नाही. आणि हा गंज हवेचा नाही. चिंच, मीठ आणि ओली माती. कोवळा आहे." तिनं चष्मा पुसून परत दिला. "चष्मा मात्र खरा आहे हं. छान हात होता तुमच्या अप्पांचा."

सुकुमार बाहेर आला आणि पायरीवर बसला. वर्षभर दिवसातून दोनदा तो अप्पांचा म्हणून कुणाचा हात पुसत होता?

*

"मी काय म्हणालो हुतो?" जन्यानं चहा सांगितला. "मला म्हायती न्हाई. लिहून दिलंय. तूच लिहून दिलंयस."

"जन्या, पोचा. त्या पोच्याबद्दल जगात कुणाला ठाऊक हाय? मला, अप्पांना आणि तुला. तू तिथं बसला हुतास, सुपारी कातरत."

"पोचं काय, कुठल्याबी भांड्याला पडत्यात."

"त्याच जागी? त्याच मापाचा? वर डोळाबी तोच गेलेला?"

जन्या चहाच्या कपात बघत राहिला. त्या कपाबद्दलही त्याला काही माहीत नसावं असा चेहरा.

"तू बनवलास. माझ्या बापाचा अडकित्ता तू बनवलास, आणि मला विकलास."

"कलम चार वाच," जन्या हळू आवाजात म्हणाला. "'मित्रत्वाच्या नात्याने केलेले कोणतेही विधान हमी समजू नये.' काय लिहिलंयस लगा. मला तर पाठ हाय."

सुकुमार उठला. "कोर्टात भेटू."

"भावा," जन्या मागून म्हणाला, "नगं जाऊस. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय."

बदमाश माणसं धमकी देताना असंच बोलतात, हे सुकुमारला ठाऊक होतं. त्यामुळं त्यानं ते धमकी म्हणूनच ऐकलं.

*

ग्राहक आयोगाच्या अध्यक्ष होत्या मृदुला सरनोबत. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत त्यांना त्याचा शेवट कळायचा, आणि तरी त्या ऐकून घ्यायच्या. हीच त्यांची शिक्षा. सुकुमारनं वकील दिला नाही. जन्यानं इंगवले वकील दिले. मागच्या बाकावर पद्मावतीबाई पिशवीत डबा घेऊन बसल्या होत्या. पोरगा सकाळपासून उपाशी आहे म्हणून आल्या होत्या.

"बाई, मुद्दा सोपा आहे," इंगवले म्हणाले. "माझे अशील म्हणाले, मला माहीत नाही. कागदावर आहे. खाली सही आहे. संपलं."

"संपलं नाही," सरनोबत बाई म्हणाल्या. "नकारपत्र हे न कळलेल्याचं संरक्षण आहे. ज्याला खरंच ठाऊक नव्हतं त्यानं 'मला ठाऊक नाही' म्हणावं, कायदा त्याच्या पाठीशी आहे. पण खोटं आहे हे ठाऊक असून जो तेच वाक्य लिहून देतो, त्याचा तो कागद म्हणजे दुसरी खोटी वस्तू. एकावर एक फुकट. तेव्हा प्रश्न एवढाच, की विकणाऱ्याला माहीत होतं का. मनातलं आम्हाला दिसत नाही. गंजाखालचं दिसतं. तस्लीम बागवान."

आयोगाच्या हुकमानं मोराची दुसरी, खोल तपासणी झाली होती. जन्याच्या हाताचा नमुना घेतला होता, आणि सुकुमारचाही पुन्हा, त्याचा हात हिशेबातून वगळता यावा म्हणून.

तस्लीम उभी राहिली. "वर तक्रारदार. त्यांच्याखाली गंज. गंजाच्या खाली, उघड्या पितळेवर, जनार्दन पोवार."

"म्हणजे गंज चढायच्या आधी वस्तू ह्यांच्या हातात होती."

"हो. आणि गंज विक्रीच्या तीनेक महिने आधीचा."

सुकुमारला वाटलं तसं बरं वाटलं नाही, पण बरं वाटण्याच्या बरंच जवळचं काहीतरी वाटलं. पैशांची त्याला फिकीर नव्हती. त्याला हे कुठंतरी लिहिलेलं हवं होतं: जनार्दन पोवारनं सुकुमार मगदूमला फसवलं. शिक्क्यासह.

"अजून एक हात आहे," तस्लीम म्हणाली.

जन्यानं डोळे मिटले.

"त्याच थरात, गंजाच्या खाली. पोवारांपेक्षा जास्त. चिंचेबरोबर चोळलेला. बाईचा हात आहे, वय सत्तरीच्या आसपास. नाव सांगता येणार नाही, कारण तो नमुना आमच्याकडं नाही." पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर कालची बातमी नव्हती. "पण वगळण्यासाठी तक्रारदारांचा नमुना घेतला होता. त्यांची निम्मी ठेवण चष्म्यावरच्या हाताशी जुळते, म्हणजे वडिलांशी. उरलेली निम्मी ह्या हाताशी जुळते."

सगळ्यांना कळायला थोडा वेळ लागला. सुकुमारला सगळ्यांत जास्त. मग तो वळला. मागच्या बाकावर पद्मावतीबाई डब्याच्या झाकणाशी खेळत होत्या.

"आई?"

"मग काय करायचं?" पद्मावतीबाई बसल्या जागेवरूनच म्हणाल्या. "येडा झाला होतास. दर रविवारी मोर, मोर. सणाला मोर. मीच म्हणालो जनार्दनला, एक करून दे आणि सोडव मला. पोच्याची जागा मी दाखवली. चिंच मी लावली. कढीपत्त्याच्या कुंडीत पुरला."

त्या कुंडीला रोज पाणी सुकुमार घालायचा. झाड यंदा बरं धरलंय म्हणून त्यानं आईला शाबासकीही दिली होती.

"पण तू रडलीस," तो म्हणाला. "सुपारी कातरलीस आणि रडलीस."

"रडलो, खरंच रडलो. त्या सुपारीनंच गेले तुझे अप्पा. तोंड उघडंना शेवटी, चमच्यानं पाणी घातलंय मी. आणि तू तोच अडकित्ता पूजेला लावायला निघालास. पण मी बोललो का, हाच तो म्हणून? एक शब्द बोललो नाही. व्रत हाय माझं."

"मग खरा कुठं हाय?"

"मोडीत घातला. अप्पांच्या तेराव्यानंतर. वर थोडे पैसे टाकून पातेलं घेतलं. रोज त्याच पातेल्यातलं दूध पितोयस तू."

सरनोबत बाईंनी पेन खाली ठेवलं.

"आणि पैसे?" सुकुमारचा आवाज चिरका झाला होता. "माझे पैसे?"

"निम्मे जनार्दननं घेतले, मजुरी म्हणून. निम्म्यांत मी शिखरजीच्या यात्रेला जाऊन आलो. विमानानं. धा वर्षं 'पुढच्या वर्षी नेतो' म्हणत होतास."

"तू म्हणालीस, महिला मंडळानं नेलं!"

"मंडळाबरोबर जातो म्हणालो. पैसे कुणाचे ते तू इचारलं नाहीस."

*

इंगवले वकील उठले. चांगला वकील म्हणजे ज्याला शरम वाटते पण वेळेवर वाटत नाही.

"बाई, मग तर प्रकरणच मिटलं. कलम अकरा बघावं. एका चुलीवर जेवणाऱ्याला जे माहीत, ते खरेदीदाराला माहीत. मातोश्रींना सगळं माहीत होतं. म्हणजे कायद्यानं तक्रारदारालाही माहीत होतं. त्यांनी जाणूनबुजून खोटा अडकित्ता घेतला. कुणाची फसवणूक झालेलीच नाही."

"असलं कलम मी उभ्या उभ्या रद्द करते," सरनोबत बाई म्हणाल्या. "इतकं निर्लज्ज कलम लिहिलं कुणी?"

सुकुमार आपल्या कागदांच्या कडा जुळवायला लागला.

"ह्यानंच," जन्या म्हणाला. त्याला बोलायचं नव्हतं असं दिसत होतं.

बाईंनी सुकुमारकडं बघितलं. "मग मला ते रद्द करता येणार नाही. कायदा स्पष्ट आहे. ज्यानं कलम लिहिलं त्याला ते आपल्यावर अन्याय करतं असं म्हणता येत नाही. आता एकच प्रश्न उरतो, मगदूम, आणि नीट विचार करून उत्तर द्या. तुम्ही आणि तुमची आई एका चुलीवर जेवता का?"

उत्तर अर्थातच 'हो' होतं. जन्मापासून 'हो' होतं. आत्ता समोर डब्यात त्याच चुलीवरची भाकरी होती. 'हो' म्हटलं की जन्या निर्दोष सुटणार, आणि फसवणूक झालीच नाही असं शिक्क्यासह लिहिलं जाणार. 'नाही' म्हटलं की...

सुकुमार गप्प राहिला. तो आईविरुद्ध काही ठरवत नव्हता. फक्त शब्द जुळवत होता. त्याचा धंदाच तो. 'चूल' या शब्दाची व्याख्या काय? गॅसच्या शेगडीला चूल म्हणता येईल का? 'जेवणे' यात नाश्ता धरावा का? असे विचार करताना तो नेहमी छताकडं बघायचा. आताही बघत होता.

मागच्या बाकावरून त्याचं ते बघणं पद्मावतीबाईंना दिसत होतं. आपलं पोरगं छताकडं बघताना काय करतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पंखा फिरत राहिला. त्यांनी डबा पिशवीत घातला, पिशवीचे बंद आवळले आणि त्या उभ्या राहिल्या.

"चूल वेगळी हाय आमची, बाई," त्या म्हणाल्या. "लिहून घ्या."

"आजी, शपथेवर सांगताय?"

"मी बिनशपथेचंच खरं बोलतो. लिहून घ्या."

सुकुमारनं खाली बघितलं. तो काही बोलला नाही. न बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं त्या घरात पूर्वीपासून मानलं जायचं.

निकाल त्याच्या बाजूनं लागला. नकारपत्र जाणत्याला वाचवत नाही. जनार्दन पोवारनं पैसे परत करावेत. शिक्का गोल होता, निळा.

*

बाहेर जन्या झाडाखाली उभा होता.

"जिंकलास."

"तू मला एकदाबी सांगितलं न्हाईस. एकदाबी."

"काकूंनी गप्प बस म्हटलं. त्यांचं मीठ खाल्लंय मी, मी कसा बोलणार?" जन्यानं चप्पल मातीत घासली. "तुझंबी खाल्लंय म्हणा. पण तुझ्याकडून मी कधी जेवण मागितलं न्हाई, त्यांच्याकडून मागितलंय."

"निम्मे पैसे घेतलेस ना त्या मिठाचे?"

"घेतले की. धंदा हाय माझा." मग तो हळूच म्हणाला, "पण तू सांग. बाईंनी इचारल्यावर एवढा येळ काय बघत हुतास वर?"

सुकुमारला उत्तरं बरीच सुचली. सुचलेली सगळी कलमं होती.

*

घरी आला तेव्हा पद्मावतीबाई कामाला लागल्या होत्या. माळ्यावरची जुनी शेगडी त्यांनी मागच्या गॅलरीत मांडली होती. तांदळाचा डबा निम्मा केला होता, डाळ निम्मी, भांडी निम्मी. दुधाचं पातेलं त्यांनी आपल्याकडं घेतलं होतं.

"आई, हे काय?"

"काय म्हणजे? चूल."

"अगं, ते कोर्टापुरतं हुतं!"

"कोर्टापुरतं खोटं असतंय होय?" त्यांनी काडी ओढली. "सत्तर वर्षांत एकच खोटं निघालं तोंडातून, आणि ते सरकारनं लिहून घेतलं. आता पुसता येत नाही. मग खरं करायला नको?"

"मी तुला बोलायला सांगितलं नव्हतं."

"नाहीच सांगितलंस," त्या म्हणाल्या. "गप्प बसलास. मी बघत होतो."

यावर त्याला भांडायचं होतं. शिखरजीवरून, पातेल्यावरून, कढीपत्त्यावरून. वर्षभर दिवसातून दोनदा आपण ज्याच्या पाया पडलो तो चिंचेचा होता, यावरून. पण फसवलेल्या माणसाला ओरडायला समोर फसवणारा माणूस लागतो, आणि समोर एक बाई सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायची घाई करत होती.

त्या जेवल्या. एकट्या, गॅलरीत, स्वयंपाकघराकडं पाठ करून. सुकुमारनं स्वयंपाकघरात आपली शेगडी पेटवली, तिच्यावर काय ठेवायचं ते सुचेना म्हणून विझवली, आणि तो तिथंच उभा राहिला.

थोड्या वेळानं पद्मावतीबाई उठल्या. गॅलरीच्या दाराशी आल्या. दार उघडंच होतं. तरी त्यांनी कडी वाजवली. मुगाच्या आमटीची वाटी त्यांनी पुढं केली, वर पदर धरून, कुणी शेजारीण देते तशी.

सुकुमारनं वाटी घेतली. गरम होती.

"वाटी सकाळपर्यंत दे," त्या म्हणाल्या. "आणि रिकामी नको देऊस. शेजाऱ्याची वाटी रिकामी देत नाहीत."

त्यांनी दार लोटून घेतलं. सुकुमारनं आमटी उभ्या उभ्या संपवली, वाटी धुतली, पुसली, आणि आपल्या वाटणीच्या स्वयंपाकघरात फडताळापासून फडताळापर्यंत हिंडत राहिला. तिच्यात घालून परत द्यावं असं त्याच्याकडं काय आहे, ते त्याला सापडेना.